सेव्हन टाइप किट कार घरी बांधली, मधे दोनदा पैसे संपले: किटचा रिव्ह्यू

किट कार म्हणजे सुटे भाग विकत घेऊन घरी स्वतः जोडायची गाडी. माझ्या किटला पाचपैकी साडेतीन. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, साडेचार, सस्पेन्शनला चार, फायबरच्या पार्टना तीन, मॅन्युअलला एक आणि तोही कागद जाड आहे म्हणून. कंपनीच्या सर्व्हिसचं एका आकड्यात सांगता येणार नाही कारण मधे मालकच बदलले, ते खाली येईल. कंपनीचं नाव लिहीत नाही, आता जे चालवतात ते वेगळे लोक आहेत आणि जुन्यांचं पाप त्यांच्या माथी कशाला मारायचं. तसंही या टाइपची किटं विकणारे बरेच आहेत, आणि मी जे लिहितोय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडेल.

घ्यायच्या आधी मी किट कारचे रिव्ह्यू खूप वाचले. सगळे गाडी तयार झाल्यावरचे, चकचकीत फोटो, शून्य ते शंभर किती सेकंदात, वळणावर कशी चिकटून जाते वगैरे. पण अर्ध्यावर पैसे आटले तर हे किट तसं पडून राहू शकतं का, हे कुठेच सापडलं नाही. आणि गाडी बांधायला घेणाऱ्या बऱ्याच जणांचं नेमकं हेच होतं, अर्धवट प्रोजेक्ट विकायला किती असतात ते एकदा बघा फक्त. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. माझे पैसे दोनदा आटले, एकदा नोकरी गेली म्हणून आणि पुन्हा घरात ऑपरेशन निघालं म्हणून. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या बाजूने लिहितोय, किट थांबायला कसं आहे आणि परत सुरू करायला कसं आहे.

तर किट काय आहे. दोन सीट, इंजिन पुढे, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना, दारं नाहीत, छप्पर म्हणजे नावाला एक कापड आणि तेही वेगळं घ्यायचं. एक इंची चौकोनी स्टीलच्या पाइपची वेल्ड केलेली फ्रेम, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट केलेला, आणि नाक आणि चाकांवरची मडगार्डं फायबरची. यांत्रिक सामान सगळं एकाच जुन्या गाडीतून काढायचं, तिला डोनर गाडी म्हणतात, माझी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे १९८९ पासूनची जी गोल डोळ्यांची, लाइट वर उघडणारी. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा, पुढे नुसता डिफ), हब (ज्यावर चाक बसतं ते), ब्रेक कॅलिपर, स्टिअरिंग रॅक, वायरिंगसुद्धा. एकाच गाडीतून सगळं येतं म्हणून सामान गोळा करत हिंडावं लागत नाही आणि एकाचं दुसऱ्याला बसत नाही हा ताप निम्मा कमी होतो.

डिझाइन अर्थातच लोटस सेव्हनचं. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ ला ती गाडी आणली आणि किट म्हणून विकली, कारण ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. जोडायच्या सूचना सोबत दिल्या तर ती गाडी धरली जायची, म्हणून गाडी खोलायच्या सूचना द्यायचे आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या वाचायच्या असा किस्सा सांगतात. १९७३ ला तिकडे व्हॅट आला, तो फायदा संपला, आणि त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या दुसऱ्या कंपनीला दिले. हे सांगायचं कारण एवढंच की या प्रकाराचा जन्मच पैसे वाचवण्यातून झालाय आणि विकणारा बदलला तरी गाडी राहिलीय. दुसरी गोष्ट मला पुढे फार कामाला आली.

आता विक्रीची पद्धत, कारण माझ्या मते किटचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. सगळं किट एकदम घेतलं तर सूट, नाहीतर पाच पॅकेजमध्ये. पहिल्यात चासी आणि पत्रे, दुसऱ्यात विशबोन (चाक चासीला धरून ठेवणारे सस्पेन्शनचे हात), शॉक ॲब्सॉर्बर, पेडल बॉक्स, तिसऱ्यात ब्रेक पाइप, पेट्रोल टाकी, रेडिएटर, चौथ्यात फायबरची बॉडी, पाचव्यात मीटर, लाइट, वायरिंगचं सामान. विकणारा अर्थातच एकदम घ्या म्हणून मागे लागतो, सूट किती मिळतेय ते तीन-तीनदा सांगतो. मी तुकड्या-तुकड्यात घेतलं, सूट सोडली. नोकरी गेली तेव्हा हातात दोन पॅकेज आणि खोललेली एमएक्स-५ होती, बाकी तीन पॅकेजचे पैसे बँकेत होते आणि घर त्याच्यावर चाललं. सूट घेतली असती तर तेच पैसे खोक्यात बंद होऊन गॅरेजमध्ये पडले असते आणि खोकी विकून कोणी पूर्ण पैसे देत नाही.

पॅकेजची फोड कशी केलीय ते पण बघायला पाहिजे, सगळ्यांची सारखी नसते. इथे दुसऱ्या पॅकेजनंतर आणि डोनर गाडीचे हब लावल्यावर गाडी चाकांवर उभी राहते, ढकलता येते, स्टिअरिंग फिरतं. काम थांबतं तेव्हा हे फार महत्त्वाचं असतं. चाकांवरची चासी कोपऱ्यात सरकवून तिच्यावर चादर टाकता येते, घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, ठेवलेली चासी गॅरेजच्या मधोमध अडून बसते आणि घरातल्या प्रत्येकाला रोज दिसते, मग विषय निघतोच. एक गोष्ट मात्र बिनडोक, पेडल बॉक्स दुसऱ्या पॅकेजमध्ये आणि मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो) ब्रॅकेट तिसऱ्यात. का ते त्यांनाच माहीत. ती ब्रॅकेट मी सुटी मागितली तर दिली, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. सुटं सामान देणारी कंपनी निवडा, पूर्ण पॅकेजशिवाय काहीच देणार नाही म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.

डोनर गाडी. चालू स्थितीतली घ्या, थोडी महाग पडली तरी. चालवून बघता येते, गिअर नीट पडतात का, डिफमधून आवाज येतो का, इंजिन धूर काढतं का, हे खोलल्यावर कळत नाही. आणि खोलल्यावर उरतं किती ते बघा, दारं, बॉनेट, काचा, कापडी हुड, सीटा, मागचे लाइट, डिकी, डॅशबोर्ड. हे सगळं विकलं जातं आणि गाडीच्या किमतीतला चांगला मोठा हिस्सा परत येतो, माझ्या केसमध्ये निम्म्याहून जास्त आला. पण ते लगेच विकायचं. ठेवून ठेवलं की जागा खातं, गंजतं, आणि मग तुमचीच इच्छा जाते. प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून वर नाव लिहा, हे सगळे सांगतात, मी फक्त एवढं वाढवतो की नुसतं नाव नको, कुठून काढला आणि कुठल्या बाजूने घातला होता ते पण लिहा, कारण मधे मोठा खंड पडला की आठवण शून्य होते. फोटो मोबाइलमध्ये ठेवून मोबाइल बदलणारे लोक मी पाहिलेत.

चासीचं कौतुक करायला पाहिजे. वेल्डिंग एकसारखं, जिगवर (भाग जागेवर पकडून ठेवणारा साचा) केलेलं आहे ते कळतं, कर्ण मोजले तर दोन्ही बाजू जुळल्या. पावडर कोटिंग चांगलं जाड आहे, जाड म्हणजे इतकं की सगळ्या आट्यांमध्ये भरलंय, टॅप मारून प्रत्येक आटा साफ करावा लागतो आणि ते सांगितलेलं कुठे नाही. अर्थिंगच्या जागा तर खरवडाव्याच लागतात, नाहीतर पुढे लाइट लागतात पण मंद, फ्यूल पंप मधेच बंद पडतो, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. मागच्या डाव्या विशबोनच्या ब्रॅकेटचं भोक जरासं सरकलेलं होतं, कळवलं तर म्हणाले कानस मारून मोठं करा. सस्पेन्शनचं भोक कानसने मोठं करायचं नसतं, बोल्ट त्यात खेळायला लागतो आणि चाकाचा अँगल रोज वेगळा. चासी परत पाठवायचा खर्च ऐकून मीच ओळखीच्या वेल्डरकडून ब्रॅकेट कापून नवी बसवून घेतली, पैसे नंतर त्यांनी पुढच्या बिलात वळते केले, बऱ्याच मागणीनंतर.

आता थांबण्याविषयी, नोकरी गेल्यावर काम पूर्ण बंद झालं आणि बरेच महिने बंद राहिलं. त्या काळात काय टिकलं आणि काय गेलं ही यादी मला कोणी आधी दिली असती तर बरं झालं असतं. चासी टिकली. पाइपची तोंडं बंद आहेत आणि कोटिंग अखंड आहे त्यामुळे गंज नाही, जिथे जॅकने कोटिंग फुटलं होतं तिथे मात्र खालून पसरला. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर जी निळी प्लास्टिकची फिल्म येते ती काम होईपर्यंत ठेवावी असं वाटतं, ठेवू नका. खूप दिवस राहिली आणि खिडकीतून ऊन येत असेल तर ती अशी चिकटते की नखाने एकेक तुकडा काढावा लागतो. पत्रा आणि स्टीलच्या मधे सीलंट पाहिजेच, दोन वेगळे धातू, त्यात दमट हवा, मग पत्रा पांढरी भुकटी सोडतो. फायबरचं सामान भिंतीला टेकवून ठेवलं की वाकतं, लांब मडगार्डं तर नक्कीच, आडवी आणि पूर्ण आधार देऊन ठेवायची. इंजिनाचे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं आणि अधूनमधून पान्याने क्रँक फिरवायचा, याला खर्च काही नाही. उघडलेला ब्रेक ऑइलचा डबा फेकून द्यायचा, ते हवेतलं पाणी ओढतं आणि उकळायचं तापमान खाली येतं. पाइपची उघडी तोंडं टेपने बंद.

यातूनच खरेदीचा क्रम ठरतो, आणि इथे पॅकेजवाली पद्धत पुन्हा कामाला येते. जे पडून खराब होत नाही ते आधी, जे होतं ते शेवटी. टायर सगळ्यात शेवटी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, गाडी रस्त्यावर यायच्या आधीच टायर म्हातारे झालेले मी बघितलेत. तोपर्यंत डोनर गाडीची जुनी चाकं. बॅटरी शेवटी. आणि मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक असेल असं काहीही लवकर घेऊ नका, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते, पंप खोक्यातच असतो आणि वॉरंटी संपलेली असते.

पैशाची दुसरी ओढाताण जास्त वाईट होती कारण पहिलीतून नुकतं डोकं वर काढलं होतं. तोपर्यंत मी एक ट्यून केलेलं इंजिन घेऊन ठेवलं होतं, चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपा), वेगळा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळं. हॉस्पिटलचं बिल आलं तेव्हा विकण्यासारख्या दोनच गोष्टी, एक ते इंजिन आणि एक अख्खा प्रोजेक्ट. अर्धवट किटचा भाव काढून बघितला तर नुसत्या सामानाच्या किमतीपेक्षाही कमी सांगत होते, कारण घेणाऱ्याला भीती असते की आधीच्याने काय करून ठेवलंय कोण जाणे. बायको म्हणाली इंजिन विकलं तर गाडी राहील, गाडी विकली तर ते इंजिन तरी कशात घालणार आहेस. हिशोब बरोबर होता. ट्यून केलेलं इंजिन लगेच गेलं, चांगल्या भावात गेलं, आणि डोनर गाडीचं मूळ १.६ लिटरचं इंजिन, जे मी कोपऱ्यात तेल घालून ठेवलं होतं, तेच परत चासीत बसवलं.

इथे किटला पूर्ण मार्क. इंजिन माउंट मूळ इंजिनासाठीच बनवलेले आहेत, काही कापावं लागलं नाही. एमएक्स-५ च्या गिअरबॉक्सला स्वतःचं मागचं माउंट नसतं, तो एका लांब ॲल्युमिनियमच्या फ्रेमने थेट डिफला जोडलेला असतो. ती फ्रेम या चासीत बसत नाही, त्याऐवजी कंपनी एक ब्रॅकेट देते जी गिअरबॉक्सला मागून पकडते आणि ती व्यवस्थित आहे, कंपन येत नाही. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा फिरणारा दांडा) मात्र छोटा करून बॅलन्स करून घ्यावा लागतो आणि तो खर्च कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

बरं झालं विषय निघाला. कुठल्याच पॅकेजमध्ये नसलेल्या गोष्टी. कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात किटची किंमत असते आणि खाली बारीक अक्षरात डोनर पार्ट वगळून असं लिहिलेलं असतं, माणूस दोन्ही वाचतो आणि मनात बेरीज करतो, ती बेरीज चुकीची असते. प्रॉप शाफ्ट, एक्झॉस्टचं पुढचं कस्टम काम, पाण्याचे वेड्यावाकड्या आकाराचे होज आणि क्लिपा, सीटा आणि बेल्ट, चाकं-टायर, आरसे, सगळी तेलं, सीलंट, रंग, शेवटी व्हील अलाइनमेंट, तपासणी, रजिस्ट्रेशन, विमा. आणि नट-बोल्ट. हसू नका, चांगल्या ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट, वायसर, रिव्हेट यांचा एकत्र आकडा काढला तेव्हा मी दोनदा तपासला. टूल वेगळेच, टॉर्क रेंच, इंजिन उचलायची क्रेन, रिव्हनट गन, ब्रेक पाइप फ्लेअर करायचं, म्हणजे त्याचं तोंड पसरवायचं, टूल. क्रेन भाड्याने मिळते, ती विकत घेऊ नका. माझा अंदाज सांगायचा तर कॅटलॉगमधला आकडा म्हणजे एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास. उरलेला निम्मा असा बारीक बारीक जातो की हिशोबाच्या वहीत दिसतो पण गाडीत दिसत नाही.

ॲडव्हान्सबद्दल. चौथं पॅकेज, म्हणजे बॉडी, त्यासाठी त्यांनी पूर्ण पैसे आधी मागितले. आधीची पॅकेजं निम्मे आधी, निम्मे माल निघताना अशी होती. पद्धत बदलली म्हणजे काहीतरी शिजतंय, मी निम्मेच दिले आणि बाकीचं माल तयार झाल्याचा फोटो आल्यावर देतो म्हणून कळवलं. मग फोन लागेना, मग मेलला उत्तर येईना, मग कळलं की कंपनी विकली जातेय. या धंद्यात हे होत असतं, छोट्या कंपन्या, पुढच्या गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्समधून मागच्याचं सामान बनतं, आणि एक महिना ऑर्डर आल्या नाहीत की साखळी तुटते. कंपनी बुडाली तर ॲडव्हान्स दिलेला गिऱ्हाईक देणेकऱ्यांच्या रांगेत पार शेवटी उभा असतो, बँक आधी. माझं नशीब की नव्या मालकांनी साचे आणि जिग विकत घेतले आणि जुन्या ऑर्डरी मान्य केल्या, उशीर झाला पण बॉडी आली. त्यांनी पाठवलेला नोज कोन आधीच्यापेक्षा चांगल्या फिनिशचा आहे हेही खरं. मडगार्डांच्या कडा मात्र घासून घासून बसवाव्या लागल्या, भोकं मारलेली नाहीत, जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, टेप लावून हळू ड्रिल करायचं नाहीतर तडा जातो.

पण समजा बुडालीच असती तर? तेव्हा लक्षात आलं की या टाइपच्या किटमध्ये भीती कमी आहे. चासी हातात आहे, यांत्रिक सामान एका भरपूर विकल्या गेलेल्या गाडीचं आहे ज्याचे पार्ट कुठेही मिळतात, राहिली फायबर, तर सेव्हन टाइपची नाकं आणि मडगार्डं बनवणारे दुसरेही आहेत, थोडं कमी-जास्त करून बसतात. हेच एखाद्या अगदी वेगळ्या दिसणाऱ्या बॉडीचं किट असतं, ज्याचा साचा जगात एकाकडेच आहे आणि विंडस्क्रीन फक्त त्यालाच बसते, तर कंपनीबरोबर माझी गाडीही गेली असती. पैशाची खात्री नसेल तर देखण्या आणि एकमेव अशा किटच्या नादाला लागू नका, त्याऐवजी साधं आणि ज्याचे भाऊबंद खूप आहेत असं घ्या.

मॅन्युअल. आधीच्या चासीसाठी लिहिलेलं आहे, फोटो काळे-पांढरे, झेरॉक्सचं झेरॉक्स. एका जागी लिहिलंय की आता ब्रेक पाइप टाका, आणि ते कसे, कुठून, कशाला क्लिप करायचे याबद्दल एक ओळ नाही. सस्पेन्शनच्या बोल्टांचे टॉर्क दिलेत पण रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना शेवटचे आवळायचे हे दिलेलं नाही. हवेत लटकवून आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नव्या मालकांनी नवीन मॅन्युअल करतोय असं सांगितलंय, केलं तर मार्क वाढवेन.

ब्रेक आणि वायरिंग, या दोन ठिकाणी काटकसर नको, बाकी कुठेही करा. ब्रेकचे पाइप किटमध्ये सरळ कॉइलमध्ये येतात, तांबं-निकेल मिश्रधातूचे, ४.७५ मिलिमीटरचे, हाताने वाकतात आणि गंजत नाहीत, हे चांगलं. फ्लेअर तुम्हालाच करायचे. स्वस्त टूलने केलेला फ्लेअर वरून ठीक दिसतो आणि प्रेशर आलं की झिरपतो, त्यामुळे टूल उसनं आणा पण चांगलं आणा. वायरिंगसाठी डोनरचं लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, बारीक करायचं असतं, म्हणजे एअरबॅग, पॉवर विंडो, जे नको ते सगळं काढायचं आणि इंजिन चालायला लागतं ते ठेवायचं. पैसे नव्हते त्या काळात मी हेच काम केलं, टेबलावर लूम पसरून, सर्किट डायग्राम घेऊन, एकेक वायर शोधून. वेळ होता आणि खर्च फक्त टेपचा. किटच्या पाचव्या पॅकेजमधलं तयार लूम त्यामुळे घेतलंच नाही, त्यांनी ते वगळून पॅकेज दिलं, हा पुन्हा एक मार्क. पैसे नसतील तेव्हा करण्यासारखी कामं अशी शिल्लक ठेवायला हरकत नाही, कॅलिपर साफ करून नवी सीलं घालणं, हब घासून रंगवणं, आटे साफ करणं.

तपासणीचं प्रत्येक देशात वेगळं आहे, काही ठिकाणी घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे पहिला रुपया खर्च करायच्या आधी तिथला नियम स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. ब्रिटनमध्ये २००९ पासून आयव्हीए नावाची तपासणी आहे, त्यात बाहेरच्या कडांना कमीत कमी अडीच मिलिमीटरची गोलाई पाहिजे, म्हणजे नुसता उघडा बोल्ट दिसला तरी त्याला टोपी घालायला लावतात. बऱ्याच किट कंपन्या ब्रिटनमधल्या असल्यामुळे किटमध्ये त्या टोप्या आणि कडांचं रबर येतं, मला उपयोगी पडलं. सगळी बिलं जपा, डोनरची कागदपत्रं जपा, उद्या विकायची वेळ आली तरी बिलांच्या फाइलवर भाव ठरतो.

चालवायला कशी आहे हे शेवटी, कारण ते सगळ्यांना माहीतच आहे. मूळ एमएक्स-५ साडेनऊशे किलोच्या आसपास, ही सहाशेच्या आसपास, इंजिन तेच ११५ हॉर्सपॉवरचं. तेवढ्यात गाडी इतकी पळते की विकलेल्या इंजिनाची आठवण आली नाही, खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी थोडी आली. स्टिअरिंग हलकं आणि सरळ हाताशी बोलतं. ब्रेक बूस्टर नाही त्यामुळे पाय जोरात लावावा लागतो, सवय होते. शॉक ॲब्सॉर्बर किटसोबत येतात ते थोडे कडक आहेत, खराब रस्त्यावर दात वाजतात, पण त्यांना ॲडजस्टर आहे, चारी बाजूंनी सारखे क्लिक मोजून मऊ केले तर बरंच सुधारतं. मागचं काहीही ऐकू येत नाही, शेजारचा काय बोलतो तेही नाही.

घ्यावं का? महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून बांधणार असाल तर हे नक्की बघा, दोन पॅकेजपासून सुरू करा आणि प्रत्येक पॅकेज आधीच्याचं काम संपल्याशिवाय मागवू नका. कर्ज काढून एकदम घेणार असाल तर माझा पाठिंबा नाही, हप्ता गाडी तयार होण्याची वाट बघत नाही. आणि वर्षभरात गाडी चालवायचीच आहे असं असेल तर कोणीतरी बांधून पूर्ण केलेली, कागदपत्रं असलेली सेव्हन टाइप घ्या, बांधण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त मिळते.

पर्यायांच्या यादीत हीटर आहे, तो मात्र घेऊ नका. ट्रान्समिशन टनेल आणि इंजिनाकडून पायांवर जेवढी गरम हवा येते तेवढी भरपूर होते, उलट ती कमी करायला मला टनेलच्या आतून उष्णतारोधक शीट चिकटवावी लागली.